माळावरचा लांब डोळा

आमच्या लातूरला सगळे काही मिळते. तुरीची डाळ मिळते, सोयाबीन मिळते, मुलांना डॉक्टर-इंजिनिअर करून देणाऱ्या शिकवण्या तर गल्लोगल्ली मिळतात. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी कुठल्याही रस्त्याने आत शिरा, रिकाम्या हाताने परत येणार नाही. मिळत नाही ते फक्त जंगल. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मी जेव्हा लातूरच्या मेहुण्यांना सांगितले, की आपण आता वन्य प्राण्यांची छायाचित्रे काढण्यासाठी कॅमेरा घेणार, तेव्हा त्यांनी सुपारी कातरता कातरता अडकित्ता खाली ठेवला.

"दाजी," ते म्हणाले, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतेत. पण आपल्याकडं तुरी तरी बाजारात हैत. तुमचा वाघ कोणत्या अडतीवर आलाय?"

लातूर माझे जन्मगाव आणि सासुरवाडही; नोकरी मात्र सारी नांदेडला, एका बँकेत झाली. त्यामुळे गेली पस्तीस वर्षे नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर हा रस्ता मी एसटीच्या खिडकीतून पाठ केला आहे. सणाला जाताना, लग्नाला जाताना, कुणाच्या दहाव्याला जाताना. खिडकीतून दिसायचा तो बालाघाटाचा माळ. कुसळीचे पिवळे गवत, मधूनच काळ्या रानाची पट्टी, एखादे निंबाचे झाड. आणि त्या माळावर, वर्षातून चार-दोनदा तरी, काळविटांचा कळप. बस पुढे निघून जायची. शेजारचा प्रवासी डुलक्या घेत असायचा. मी मान वळवून वळवून पाहायचो, आणि ज्याला दाखवावे असा एकही माणूस जवळ नसायचा. कॅमेरा घ्यायचा तो या माळासाठी, एवढे माझे ठरलेले होते. मेहुण्यांचा वाघ माझ्या मनातही नव्हता.

घरी हा विषय काढला तेव्हा सौभाग्यवतींनी आधी शांतपणे ऐकून घेतले. निवृत्तीच्या पैशांतून स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा, असे आमचे आधी बोलणे झालेले होते. जुना ओटा एका अंगाने खचला आहे आणि त्यावर पोळपाट ठेवला की लाटणे आपोआप पूर्वेकडे चालू लागते. तेव्हा प्रश्न ओटा की कॅमेरा असा सरळ होता.

"पण एसएलआर म्हणजे आहे तरी काय?" हिने विचारले.

मी समजावून सांगितले: भिंगातून आलेला उजेड आतल्या तिरप्या आरशावर पडतो, तिथून वर जाऊन लोलकातून फिरतो आणि आपल्या डोळ्याशी येतो. कळ दाबली की आरसा खटकन वर उचलला जातो व तोच उजेड मागच्या पडद्यावर पडतो. म्हणजे जे डोळ्याला दिसते तेच चित्रात येते.

"मग इतके दिवस काय येत होतं?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या वडिलांकडे अग्फाचा क्लिक थ्री होता. त्या काळी पुष्कळ मध्यमवर्गीय घरांतून असायचा. त्यात पाहायची खिडकी निराळी आणि भिंग निराळे. दूरचा डोंगर घेताना बिघडत नसे. पण जवळ उभे राहून माणूस घेतला की खिडकीत पूर्ण दिसणाऱ्या काकांची टोपी चित्रात निम्मी कापलेली असायची. एका भिंगातून पाहायचे आणि त्याच भिंगातून टिपायचे, ही आरशाची युक्ती ३५ मि.मी.च्या फिल्मवर आणणारा एक्झॅक्टा जर्मनीतल्या ड्रेस्डेनला १९३६ साली निघाला. १९५९ मध्ये जपानचा निकॉन एफ आला आणि मग जगभरच्या वार्ताहरांच्या गळ्यात हाच प्रकार दिसू लागला. भिंग बदलता येते आणि कोणतेही भिंग लावले तरी त्यातूनच दिसते, ही त्याची मोठी सोय. पशुपक्ष्यांच्या नादी लागलेल्या माणसाला ती सोय नव्हे, गरज आहे.

चिरंजीव पुण्याला असतात. त्यांनी दूरध्वनीवरून सांगितले, "बाबा, आता आरसेवाले कॅमेरे कोण घेतं? आरसा काढून टाकलेले आलेत." ते खरेच आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आपले सारे लक्ष आता बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळवले आहे, आणि ते कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपणच शोधून त्यावर नेम धरतात. ज्याच्या खिशात दोन-तीन लाख आहेत त्याने ते जरूर घ्यावेत. पण मोठी माणसे बंगल्यात राहायला गेली की त्यांच्या जुन्या वाड्यातली खोली आपल्याला स्वस्त भाड्याने मिळते, त्यातलाच हा प्रकार. आरशाचा कॅमेरा जुना झाला म्हणून काळवीट काही त्याला ओळख द्यायचे नाकारत नाही. शिवाय बिनआरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्याशी लहानसा पडदा असतो आणि तो सारखा वीज खात असतो. आरशातून पाहायला वीज लागत नाही. दिवसभर माळावर बसायचे तर हा हिशेब महत्त्वाचा आहे. तिथे विजेचा खांब असतो, पण त्याला बटण नसते.

अखेर तडजोड झाली. कॅमेरा आणि भिंग मिळून नव्वद हजारांच्या आत. आणि अट अशी, की एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत तो वापरात राहिला पाहिजे. कपाटात पडून राहिलेला आढळला, तर विकायचा आणि ओटा करायचा. "हार्मोनियमचं काय झालं ते मला आठवतंय," ही म्हणाली. हार्मोनियमविषयी मी इथे काही बोलणार नाही.

आता सल्ला. कॅमेरा घ्यायचा म्हटले की सल्ला फुकट मिळतो. एवढी एकच गोष्ट या धंद्यात फुकट आहे. ताडोबाला वर्षातून दोनदा जाणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांनी सांगितले, की भिंग एफ/२.८ चेच पाहिजे, बाकी सगळा कचरा. भिंगाचे तोंड जितके रुंद तितका हा आकडा लहान. एफ/२.८ हे एफ/५.६ च्या चौपट उजेड आत घेते. सागवानाच्या, बांबूच्या जंगलात पहाटे अंधूक उजेडात वाघ उभा असतो, तेव्हा हा चौपट उजेड सोन्याच्या मोलाचा असतो, यात शंका नाही. पण ४०० मि.मी.चे एफ/२.८ भिंग तीन किलोच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त भरते आणि नवे घ्यायचे तर किमतीत लातूरला एखादा छोटा प्लॉट येईल. शिवाय ते स्नेही जातात ताडोबाला. मी जाणार लोह्याला.

मी काय केले ते सांगतो. आणि नवा कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावे असे माझे मत आहे. पहिले दोन महिने मी काहीही विकत घेतले नाही. स्कूटर काढायची, पहाटे माळावर जायचे, बरोबर एक वही. कुठला प्राणी दिसला, तो माझ्यापासून किती लांब होता आणि किती लांब असताना पळाला, हे लिहायचे. अंतर मोजायला विजेचे खांब होते. त्या रस्त्यालगतच्या दोन खांबांमधले अंतर मी पावलांनी मोजले, ते साधारण पन्नास मीटर भरले. मग काय, दोन खांब म्हणजे शंभर मीटर, तीन खांब म्हणजे दीडशे. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे मांडले. हे आकडे माझे स्वतःचे होते.

वहीने दोन गोष्टी सांगितल्या. पायी चालत गेलात तर काळवीट दीडशे मीटरवरूनच उठतो. माळावर झाड नाही, झुडूप नाही. तुम्ही त्याला दिसायच्या आधी तो तुम्हाला दिसेल हे संभवतच नाही. पण तोच काळवीट बैलगाडीला शंभर मीटरच्या आतही येऊ देतो, क्वचित साठ-सत्तर मीटरपर्यंत. गाडीला बैल जुंपलेले, वर कडबा, कडब्यात माणूस. हे दृश्य त्याला जन्मापासून माहीत आहे. स्कूटर चालू असेपर्यंत त्याची तक्रार नसते. ती बंद करून पाय खाली टेकला, की मान वर होते.

आता हिशेब पाहा. पूर्ण वाढलेला काळवीट खांद्यापाशी सुमारे ऐंशी सेंटिमीटर उंच. तो शंभर मीटरवर आहे. कॅमेऱ्याबरोबर जे छोटे भिंग फुकटात येते ते ५५ मि.मी.पर्यंत जाते. त्यातून आतल्या पडद्यावर पडणारी त्याची उंची अर्ध्या मिलिमीटरलाही कमी भरते. मोहरीचा दाणा त्याहून मोठा. ३०० मि.मी.च्या भिंगातून ती २.४ मि.मी. होते आणि ५०० मि.मी.तून ४ मि.मी. माझ्या कॅमेऱ्यातल्या पडद्याची उंची साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पाचशेच्या भिंगातून काळवीट चित्राचा चौथा हिस्सा व्यापतो, वर आकाश आणि खाली माळ राहतो. मला तेच हवे होते. नुसते शिंगांसकट तोंड भिंतीवर टांगायचे तर ते काम पूर्वी बंदुकीवाले करीत.

दुसरी गोष्ट उजेडाची. मराठवाड्याला देवाने पाण्यात हात आखडता घेतला, पण उजेडात नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले हे सगळ्या देशाने पाहिले. उजेड आणावा लागला असे कधी झाले नाही. हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमाराला आमच्या माळावर इतके स्वच्छ ऊन असते, की एफ/५.६ वर आणि आयएसओ ४०० वर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात चित्र निघते. काळवीट हवेत उडी मारील तरी तो तिथेच थांबलेला दिसेल. मग एफ/२.८ च्या त्या चौपट उजेडाचे मी करू काय? तो जंगलवाल्यांचा खर्च आहे. माळवाल्याने तेच पैसे लांबीवर घालावेत. या एका विचाराने माझ्या यादीतली निम्म्याहून अधिक भिंगे खोडली गेली आणि माझ्यापुरता प्रश्न सुटला.

तसा उजेडाचाही अतिरेक असतोच. मार्चनंतर नऊ वाजले की काळी जमीन तापते, झळा वर उठतात आणि लांब भिंगातून पाहिले की सगळे कळपच पाण्यात उभे असल्यासारखे लवथवू लागतात. ज्याला आपण मृगजळ म्हणतो ते भिंगालाही दिसते. मग भिंग पाचशेचे असो की आठशेचे, चित्र कापसासारखे येते. त्यावर औषध एकच, घरी येऊन ताक पिणे.

खरेदीची हकीकत निराळीच आहे. नांदेड काय, लातूर काय, इथली कॅमेऱ्याची दुकाने चालतात ती लगीनसराईवर. वऱ्हाड, वरमाला आणि व्याह्यांच्या गळाभेटी यांना जी भिंगे लागतात ती दुकानात ढिगाने. लांब भिंग मागितले की दुकानदार आपल्याकडे सहानुभूतीने पाहतो. वजिराबादेतल्या एकाने विचारले, "साहेब, नवरदेव इतका लांब उभा राहणार आहे का?" परंतु याच लगीनसराईने माझे काम केले. लग्नाचे छायाचित्रकार एकापाठोपाठ एक बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळले आहेत, कारण त्यांना आता चित्रांपेक्षा चलच्चित्रे जास्त काढावी लागतात. त्यामुळे त्यांचे चांगले आरसेवाले कॅमेरे निम्म्याहून कमी किमतीत विकायला निघतात.

असा एक निकॉन डी ७२०० मला मिळाला. २०१५ सालचे मॉडेल. घेताना काय पाहायचे ते सांगून ठेवतो. या कॅमेऱ्याच्या पडद्याची उघडझाप कारखान्यात दीड लाख वेळा तपासलेली असते. आणि लग्नाचा छायाचित्रकार एका लग्नात दोन-तीन हजार चित्रे सहज काढतो. तेव्हा हा कॅमेरा किती लग्ने जेवून आला आहे हे आधी विचारावे. विचारून खरे उत्तर मिळेल असे नाही, पण कॅमेऱ्याने काढलेल्या ताज्या चित्रातच तो आकडा नोंदलेला असतो आणि संगणकावर वाचता येतो. माझ्या कॅमेऱ्याचा आकडा एकेचाळीस हजार निघाला. मध्यमवयीन म्हणायचा; संधिवात नाही, चष्मा नाही. तीस हजारांत तो घरी आला.

भिंग मिळायला त्यानंतर चार महिने लागले. निकॉनचेच २०० ते ५०० मि.मी.चे, सगळीकडे एफ/५.६. हेही २०१५ चे. वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. सिग्माचे १५० ते ६०० हे त्याहून सुमारे पावणेचारशे ग्रॅमने हलके आणि शंभर मि.मी.ने लांब आहे, तेही मी हाताळले. पण सहाशेला त्याचे तोंड एफ/६.३ पर्यंत आवळते आणि मला ते टोकाला थोडे मऊ वाटले. हा माझ्या डोळ्यांचा निकाल, तुमच्या डोळ्यांचा वेगळा असू शकेल. ज्यांची पाठ दुखते त्यांनी मात्र ७० ते ३०० चे साधे भिंग घेऊन बैलगाडीवाल्याशी मैत्री करावी. कमी वजनाचे भिंग रोज बाहेर निघते. जड भिंगाला मुहूर्त लागतो. दुसऱ्याने वापरलेले भिंग घेताना त्यातून मोबाइलची बॅटरी पाडून उजेडात पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. भाव कितीही पाडून दिला तरी नमस्कार करून उठावे. माझे भिंग स्वच्छ होते. पंचावन्न हजारांना ठरले. पाच हजार उरले, ते मी प्रामाणिकपणे हिच्या हातात दिले.

भिंग घरी आले त्या दिवशी हिने ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, "अहो, हे तर तान्ह्या मुलाएवढं आहे." मग वजनाचा विचार करून तिने आपणच एक वस्तू तयार केली. जुन्या मांजरपाटाची दुहेरी शिवणीची थैली, उशीच्या निम्म्या आकाराची, आणि तिच्यात भरायला काय? तांदूळ भरले तर थैली दगडासारखी बसते. कोंडा भरला तर पिचकते. तिने लातूरहून आणलेली करडई भरली. गुळगुळीत दाणा; भिंग वर ठेवले की आपोआप सरकून त्याला कुशीत घेतो आणि हलू देत नाही. तिपाईपेक्षा ही थैली बांधावर, दगडावर, गाडीच्या साटीवर कुठेही चालते. लांब भिंग धरलेला हात श्वासानेही हलतो. भिंगातली थरथररोधक सोय त्याला आवर घालते, पण करडई त्याहून भरवशाची. एकदा तिला उंदरांनी भोक पाडले, तेव्हा मात्र आमची सारी सामग्री बांधभर सांडली आणि होले येऊन जेवून गेले. त्या होल्यांची चित्रे चांगली आली आहेत.

माझा जंगलवाल्यांविषयीचा सिद्धान्त पारखायला म्हणून आम्ही एकदा माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो, आणि वाटेत किनवटच्या बाजूच्या सागवानात थांबलो. नांदेड जिल्ह्याचे खरे जंगल ते. सकाळचे साडेसहा. फांदीवर तांबट बसलेला, वीस मीटरही नाही. कॅमेरा आयएसओ ६४०० मागू लागला आणि तरीही सेकंदाचा साठावा भागच देत होता. तांबटाऐवजी एक रंगीत दाणेदार धुके आले. स्नेह्यांचे म्हणणे त्यांच्या जंगलापुरते शंभर टक्के खरे होते. माझे माझ्या माळापुरते.

माळावर काय काय असते, हे तर मला भिंग डोळ्याला लावल्यावरच कळले. बसमधून नुसता काळवीटच दिसत होता. ढेकळांच्या रंगाचा धाविक पक्षी ढेकळांतून धावतो, थांबतो, पुन्हा धावतो. थांबला की नाहीसा होतो. थंडीत मध्य आशियातून भोवत्या येतात आणि गवतावरून हातभर उंचीने तरंगत जातात. ज्वारी दाण्यावर आली की भोरड्यांचे थवे. खोकड दुपारी बिळाच्या तोंडाशी येऊन जांभया देते. सरकारी कागदात या जमिनीला पडीक म्हणतात. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. पडीक म्हणून नांगरलेल्या, खणलेल्या, विकलेल्या माळांबरोबर तो गेला. आमच्या रस्त्यावरही, माझ्या वहीतल्या सात नंबरच्या खांबापाशी, गेल्या वर्षी तारेचे कुंपण आले आहे. धाविक कुंपणाखालून जातो. काळविटांनी ती बाजू सोडली.

पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. एका शेतकऱ्याच्या बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्यांत मी पडलो होतो. समोर सत्तर मीटरवर हरभऱ्यात काळवीट. वरून काळाभोर, पोटाशी पांढराशुभ्र. अशा प्राण्याला कॅमेऱ्याचे उजेडाचे गणित चुकते. काळे पाहून तो चित्र उजळ करतो आणि पांढरे जळून जाते. म्हणून मी ते हाताने दोन-तृतीयांश पायरी खाली आणले, आणि बरोबर साधले. मालक मागे वळून म्हणाले, "बघू साहेब, काय घेतलाव?" मी कॅमेऱ्याच्या पाठीवरचे चित्र मोठे करून दाखवले. आयुष्यातले माझे पहिले खरेखुरे छायाचित्र. पेचदार शिंगे, डोळ्यातला उजेडाचा ठिपका, सगळे काही.

त्यांनी ते बराच वेळ पाहिले. मग तोंडाच्या जागी बोट ठेवले.

"तोंडात माझा हरभरा हाय."

खरेच होता. घाट्यांसकट हिरवा डहाळा तोंडातून लोंबत होता. मी शिंगे पाहत होतो. त्यांनी आधी डहाळा पाहिला. पुढे ते म्हणाले, की तीन एकरांत रोज रात्री वीस-बावीस जनावर उतरते आणि पहाटेपर्यंत चरते. मारायचे तर नाही, कायदा तर आहेच, पण तो नसता तरी मारले नसते, कारण "त्यांचं बी पोट हाय." पण पेरलेले कोणी भरून द्यायचे? वन्य प्राण्यांनी पीक खाल्ले तर वनखाते पंचनामा करून भरपाई देते, हे त्यांना माहीत होते. पण अर्जाबरोबर लावायला त्यांच्याजवळ होते ते मोबाइलवरचे चित्र, ज्यात हरभरा दिसत होता आणि प्राण्यांच्या जागी मुंग्या.

त्या आठवड्यात मी चार सकाळी त्यांच्याच शेतात घालवल्या. सुंदर चित्रे नव्हेत. कळप किती, कुठल्या वाफ्यात, काय खातो आहे, मागे त्यांची विहीर दिसते आहे की नाही, असली. पाचशेच्या भिंगाचा हा उपयोग कोणत्याच जाहिरातीत लिहिलेला नाही. चित्रे छापून दिली. पंचनामा झाला. भरपाई आली ती नुकसानीच्या मानाने फारच थोडी, पण आली. संक्रांतीला त्यांच्याकडून आमच्या घरी पाच शेर हरभरा आला. "हा उरलेला," असा निरोप होता.

मेहुण्यांचा वाघ मात्र शेवटी आलाच. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ आढळला. लातूरहून बार्शीकडे निघालात की वाटेवरच आहे ते. यवतमाळच्या टिपेश्वरचा हा वाघ. पाचशे किलोमीटरच्या आसपास शेते, रस्ते, नद्या ओलांडून आला. मेहुण्यांचा लगेच दूरध्वनी. "दाजी, निघा! नळकांडं घेऊन या!" मी गेलो नाही. येडशीचे अभयारण्य इवलेसे. तिथे आधीच गर्दी. आणि त्या वाघाचे चित्र तर आधीच निघालेले होते. कोणी काढले? कोणीच नाही. वनखात्याने झाडाला बांधलेल्या पेटीवजा कॅमेऱ्यासमोरून तो गेला आणि त्याच्या अंगाच्या उबेनेच कळ दाबली गेली. भिंग असेल करंगळीच्या नखाएवढे. संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी शंभर वर्षांपूर्वी हाच मार्ग धरला होता. वाटेत तार ताणून ठेवायची, वाघाचा पाय लागला की झगमगाट होऊन चित्र निघायचे. त्यांचे पुस्तक १९२७ साली आले. मद्रासच्या एम. कृष्णन यांनी तर निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग जुळवून आपले यंत्र आपणच उभे केले आणि त्याने हत्तींची काळी-पांढरी चित्रे काढली. मेहुण्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग नव्वद हजार घातले कशाला?" येडशीच्या वाघाने पुढे २०२५ मध्ये त्याला पकडायला आलेल्या पथकांनाही बराच काळ झुलवले. त्यामुळे मेहुण्यांनी अजून नाद सोडलेला नाही.

ओट्याची मुदत तीनदा येऊन गेली. पहिल्या दिवाळीला हिने खरोखरच कॅमेऱ्यातला आकडा मला संगणकावर दाखवायला लावला. वर्षात नऊ हजार वाढला होता. तिने ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले आणि ओट्याच्या खचलेल्या बाजूखाली फरशीचा तुकडा सरकवला. लाटणे आता जागेवर राहते.

गेल्या आठवड्यात त्याच हरभऱ्याच्या मालकांचा रात्री दूरध्वनी आला. माळाच्या पलीकडच्या अंगाला लांडग्याची जोडी आहे, आणि या खेपेला पोरेही आहेत; धनगरांनी पाहिली, अजून कुणाला सांगितलेले नाही. "तुमचं ते नळकांडं लांबून बघतंय म्हणून तुम्हाला सांगायलाव. जवळ जायचं नाही, साहेब." मी म्हटले, जवळ जायचे नाही. गाव कुठले ते मेहुण्यांनाही सांगितलेले नाही, तेव्हा तुम्हीही विचारू नका.

वहीत अंतर लिहायला नवे पान काढले आहे. बॅटरी भरायला लावली आहे. हिने करडईची थैली उन्हात घालून आत घेतली आणि विचारले, "पहाटे चारला निघायचं ना? मग थर्मास दोन भरते. मीही येणार आहे."